भिंतीकडे तोंड करून बसणारी

श्रीकांतरावांचा फोन आला तेव्हा मी सोसायटीच्या फाटकाशी मटारवाल्याशी हुज्जत घालत होते. डिसेंबर संपत आला होता आणि दिल्लीचं ते घशात उतरणारं राखाडी धुकं समोरची इमारतही दिसू देत नव्हतं. “कुंदाताई, नलिनी गेली,” ते म्हणाले. मी मटारची पिशवी हातात धरून तशीच उभी. “मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो हो… तिनंच सांगितलं होतं, माझ्याकडे बघत बसू नका म्हणून. वळून पाहिलं, तर…” दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, कसला हा नवरा, बायको शेवटचे श्वास घेत होती आणि हा बाहेरचं धुकं बघत बसला. मला तसं वाटलं नाही. पाठ करून बसणं हा त्या घरातला जुना शिरस्ता होता, आणि नलिनीनं तो आपल्या कामातून घरी आणला होता. आज त्याविषयीच लिहायचं आहे, कारण तिच्यावर जे चार शब्द इंग्रजी पेपरांत छापून आले त्यांत ते कुठंच नव्हतं.

नलिनी अर्थशास्त्रज्ञ होती. अर्थशास्त्रज्ञ म्हटलं की लोकांना बजेटच्या दिवशी टीव्हीवर भांडणारी माणसं आठवतात. तिचा त्या मंडळींशी काही संबंध नव्हता. एका कारखान्यात माणसाच्या हातून भरपूर काम होतं आणि पलीकडच्या गल्लीत तसंच यंत्र, तसाच माणूस असून ते का होत नाही, एवढाच तिचा आयुष्यभराचा विषय. मूळची ती सोलापूरची. वडील गिरणीत विणकर होते. ती कॉलेजात असताना गिरणी बंद पडली आणि गावात जो तो म्हणू लागला की कामगार माजले होते, कुणाला काम करायला नको होतं, म्हणून बुडाली. वडिलांनी कधी उलट उत्तर दिलं नाही, नुसते ओट्यावर बसून राहायचे. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत मराठी घरं दोनच, तिचं आणि माझं. त्यामुळे मैत्री होणं भागच होतं. पहिल्याच संक्रांतीला तिळगुळाची वाटी हातात घेऊन ती मला म्हणाली होती, “माझे बाबा आळशी होते का, एवढंच मला शोधायचं होतं गं. बाकीचं सगळं पीएचडी देणाऱ्यांना दाखवायला.” ती हसत होती, पण मला ते हसण्यावारी नेता आलं नाही.

शोधायला ती गेली पानिपतला. आपल्याकडे पानिपत म्हटलं की जे आठवतं ते आठवतंच, पण तिथं सतरंज्या आणि ब्लँकेटं विणणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्या एका कारखान्याचे मालक बन्सलजी, ऐसपैस देहाचे आणि मोठ्यानं हसणारे. त्यांनी तिला पाहताच विचारलं, “मॅडम, मराठे फिर आ गए पानिपत में? इस बार क्या लेने आए हैं?” नलिनी म्हणाली, “इस बार सिर्फ सुनने आए हैं.” तिनं ते गमतीत म्हटलं खरं, पण पुढे तसंच झालं. सुरुवातीला ती इतर अभ्यासकांसारखी कागद-पेन घेऊन मागांसमोर उभी राहिली. झालं काय, की मॅडम समोर असेपर्यंत सगळ्यांचे हात भराभर चालायचे आणि ती जेवायला उठली की शेडची चाल बदलायची. बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुणी आपल्या नेहमीच्या चालीनं काम करत नाही, हे तिच्या लक्षात आलं. मग तिनं एक प्लास्टिकचं स्टूल मागून घेतलं, शेडच्या कोपऱ्यात ते भिंतीकडे वळवलं आणि मागांकडे पाठ करून बसली. लहानपणापासून मागांच्या खडखडाटात झोपलेली बाई ती. कुठला माग थांबला, का थांबला, हे तिला कानानं कळायचं. शेडमध्ये बातमी पसरली की महाराष्ट्रातून आलेल्या मॅडम दिवसभर दीवार देखती हैं. दोन-चार दिवस लोक हसले, मग विसरले, आणि मग आपापल्या चालीनं काम करू लागले.

त्या भिंतीसमोर बसून तिला जे सापडलं ते असं, की माग थांबतो तेव्हा विणकर आळस करत नसतो, तो वाट बघत असतो. सूत आलेलं नसतं. दुरुस्तीचा मिस्त्री दुसऱ्या शेडमध्ये असतो. पुढचा रंग कुठला घ्यायचा, हे मालकानं अजून सांगितलेलं नसतं. खालचा माणूस रिकामा बसला असेल, तर वरच्या कुणाचं तरी काम राहिलेलं आहे, असं ती म्हणायची. पुढे परिषदांमधून आणि पुस्तकांतून तिनं हे फार जड शब्दांत मांडलं, त्यातलं निम्मं मला कळत नसे, पण गाभा एवढाच होता. ते पहिलं लिखाण छापून आलं तेव्हा ती सोलापूरला गेली आणि थकलेल्या वडिलांना मराठीत समजावून सांगितलं. “काय म्हणाले?” मी विचारलं. “म्हणाले, हे मला माहीतच होतं.” आणि मग ती माझ्या स्वयंपाकघरात ओक्साबोक्शी रडली.

ही पाठ करायची सवय तिच्या अंगात इतकी मुरली की घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईकडेही ती पाठ करून बसायची, लेक अभ्यास करू लागली की खुर्ची फिरवायची. मी शाळामास्तरीण. वर्गाकडे पाठ करायची नाही, हा माझ्या नोकरीचा पहिला धडा, आणि आयुष्यभर पोरांवर नजर ठेवूनच मी पोट भरलं. त्यामुळे आमचे खटके उडायचे. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात आम्ही मिसळ खायला जायचो. भोवती यूपीएससीची पोरं पुस्तकं उघडी ठेवून जेवत असायची. मी वेटरवर डोळे वटारून बसायची आणि ही भिंतीकडे तोंड करून म्हणायची, “उगाच ओरडू नकोस त्याला. आतून पावच आलेले नाहीत, तो बिचारा खिडकीशी उभा आहे.” मी म्हणायची, “यार नलिनी, भूक लागली आहे मला, तुझी थिअरी नकोय!” बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं, आणि त्याचा मला राग यायचा.

बन्सलजींनी तिचं म्हणणं मनावर घेतलं. सूत मागापाशी वेळेवर पोहोचू लागलं, प्रत्येक शेडला आपला मिस्त्री मिळाला, रंगांचा निर्णय आदल्या दिवशी होऊ लागला. कापड वाढलं, खोट कमी झाली. देशोदेशीचे लोक तो कारखाना बघायला आले आणि नलिनीचं नाव झालं. मोठमोठ्या सभागृहांत तिला बोलावणी येऊ लागली. आम्ही सोसायटीत तिचा सत्कार केला, तेव्हा सेक्रेटरी साहेबांनी तिची ओळख बँक मॅनेजर अशी करून दिली आणि तिनं ती दुरुस्तही केली नाही.

मग काही वर्षांनी ती पुन्हा पानिपतला गेली. संध्याकाळी परतली ती थेट माझ्याकडेच आली, चपला न काढता सोफ्यावर बसली. मला वाटलं, बरं नाही. “कुंदा, मी कोपऱ्यात बसले नेहमीसारखी. एकही माग थांबेना. आधी छाती फुगली गं माझी. म्हटलं, बघ, वाट बघणं संपवलं आपण… आणि मग लक्षात आलं, माणसांचा आवाजच येत नाहीये.” पूर्वी माग थांबला की मागून बोलणं ऐकू यायचं. पोराचा ताप, गावाकडची जमीन, कुणाच्या लग्नाची चेष्टा. सूत येईपर्यंत माणूस टेकायचा, पाठ सरळ करायचा, शेजारच्याला हाक मारायचा. आता सूत कायम हाताशी होतं. टेकायला निमित्तच उरलं नव्हतं. “त्यांचं बसणं काढून घेतलं मी,” ती म्हणाली. मी तिला चहा दिला, असं काही नसतं गं म्हणाले, आणि त्या बोलण्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

त्यानंतरची तिची सगळी वर्षं याच एका गोष्टीत गेली. ज्याला आपण वाया गेलेला वेळ म्हणून काढून टाकला, तो वाया गेलेला नव्हता. तो माणसाला परत द्यायला हवा, ठरवून, हक्कानं, हे तिला मांडायचं होतं. पण पहिल्या लिखाणाला ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांना हे दुसरं नको होतं. म्हातारपणी मन हळवं झालं, असं कुणीतरी तिच्या पाठीमागे म्हणाल्याचंही तिच्या कानावर आलं. बन्सलजींकडे ती पुन्हा पुन्हा गेली. दर थोड्या वेळानं माग बंद करा, लोकांना बसू द्या, एवढंच तिचं मागणं. ते उठून उभे राहायचे, लस्सी मागवायचे, मुलाबाळांची चौकशी करायचे आणि शेवटी हात जोडायचे, “मॅडम, मशीन रुकनी नहीं चाहिए, ये तो आपने ही सिखाया है.” त्यात कुचेष्टा नव्हती. तेच तिला जास्त लागायचं. संक्रांतीच्या सुमारास आम्ही दिल्लीचे मराठी लोक बस करून पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जातो. तिथं पोवाडे चालू असताना ती हळूच रिक्षा करून कारखान्यात जायची आणि बस सुटायच्या वेळी परत यायची. चेहऱ्यावरूनच कळायचं, आजही नाही. बसमधली मंडळी कुजबुजायची, या प्रोफेसरबाईंना इतिहासाचं काही नाही. मी त्यांच्याशी भांडायची.

आजारपण आलं ते सहा-आठ महिन्यांत तिला गिळूनच गेलं. हॉस्पिटलच्या बाकावर रिपोर्टची वाट बघत बसलेलो असताना ती डोळे मिटून म्हणायची, “सही करणारा डॉक्टर जागेवर नाहीये. काउंटरवरच्या पोरीवर चिडू नका.” शेवटी घरीच आणली. कुणी पलंगापाशी बसून टक लावून बघायला लागलं की तिला सोसायचं नाही. “तुम्ही बघता ना, मग मला नीट दिसावं लागतं. बरं असल्यासारखं. दमते मी त्यानं,” असं ती श्रीकांतरावांना म्हणाली, आणि त्यांनी मुकाट्यानं खुर्ची खिडकीकडे फिरवली. मला मात्र तेही जमलं नाही. मी बघतच राहिले. आमच्या शेवटच्या भेटीत ती म्हणाली, “या वर्षी काला अंबला काही माझं जमत नाही.” मी म्हटलं, “चल, काहीतरीच. तू येणार आहेस.” तिनं मान दुसरीकडे वळवली.

यंदा मी बसमध्ये बसले ते काला अंबसाठी नाही. बन्सलजींना चार शब्द सुनावायचे, हे मी घरूनच ठरवून निघाले होते. शेजारची सीट रिकामी होती, तिथं मी माझी शाल ठेवली, म्हणजे कुणी बसायला नको. पोवाडे सुरू झाल्यावर रिक्षा केली. बन्सलजी ऑफिसात होते, आता पुरते थकलेले. नलिनीचं नाव काढताच म्हणाले, “मॅडम नहीं आईं इस बार?” त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. माझे पाठ केलेले चार शब्द तिथंच राहिले, कारण तो ऐसपैस माणूस खुर्चीत एकदम लहान होऊन बसला आणि डोळ्यांना रुमाल लावून म्हणाला, “अब झगड़ने कौन आएगी?” मग उठले, मला शेडकडे घेऊन गेले आणि मुकादमाच्या कानाशी ओरडून म्हणाले, “मशीनें बंद कराओ सारी. दो मिनट का मौन रखेंगे, मॅडम के लिए.”

एकेक माग थांबत गेला. शेवटचा थांबला तेव्हा माझे कान दुखायला लागले, इतकी शांतता झाली. नलिनीनं इतकी वर्षं मागितलेली गोष्ट ही, आणि ती मिळायला तिला मरावं लागलं, हे मनात आलं. समोर सगळे कामगार हात बांधून, मान खाली घालून ताठ उभे. बहुतेकांना मॅडम कोण हे ठाऊक नसावं. मालक बघतायत, सोबत कुणी पाहुणी बाई बघतेय, म्हणून ते उभे होते. त्यांचे पाय किती दमले असतील, हे मला दिसत होतं. आणि मी बघत होते तोवर ते बसणार नव्हते.

मी वळले. आयुष्यात पहिल्यांदा भरल्या वर्गाकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. “बन्सलजी, आप भी,” मी हळूच म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना तो कोपरा आठवला असावा, कारण काही न विचारता तेही भिंतीकडे वळले. यानं काही बदललं असं मी म्हणणार नाही. आज, मी हे लिहिते आहे तेव्हा, ते माग पूर्वीसारखेच न थांबता चालत असणार. पण त्या दिवशी आमच्या पाठीमागे आधी काहीच ऐकू आलं नाही… मग एक डबा सरकवल्याचा आवाज आला. कुणीतरी टेकलं. पाठोपाठ आणखी कुणीतरी. एक लांब उसासा, बांगड्यांची किणकिण, आणि मग एक बाई अगदी दबक्या आवाजात दुसरीला विचारत होती, “मुन्ने का बुखार उतरा?”

दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती. बन्सलजी काही बोलले नाहीत. मीही वळले नाही.