चुकीचा वाटा

ओतूरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. आईला विस्मरणाचा आजार जडला, तेव्हा तिच्याजवळ थांबणारी बाई चारला निघायची. म्हणून मी शेवटच्या तासातून वीस मिनिटं आधी निघायचे. यामागचं कारण फक्त माझ्या मैत्रिणीला ठाऊक होतं. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी, डबा बारा वर्षं एकत्र. "तू जा गं, मी बघते तुझा वर्ग," असं तीच म्हणायची.

एक दिवस प्राचार्यांनी माझ्याविरुद्धचा निनावी अर्ज पुढे ठेवला आणि लेखी खुलासा मागितला. अर्जात सगळं होतं, आईचा आजारसुद्धा.

माझा संशय थेट लॅबच्या शिपायावर गेला. माणूस तुसडा, मी लवकर निघाले की कुरकुरणारा. आईचं त्याला कसं कळलं असेल? ऐकलं असेल कुठून तरी, अशी मीच माझी समजूत घातली आणि त्याच्याशी बोलणं टाकलं.

त्याच आठवड्यात वर्गात न्यूरल नेटवर्क, म्हणजे स्वतःच्या चुकांतून शिकणारा प्रोग्रॅम, शिकवत होते. त्याचा अंदाज चुकला की ती चूक आतल्या जोडण्यांमधून मागे मागे जाते. ज्या जोडणीमुळे जेवढं चुकलं, तेवढी ती बदलते. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, त्याला चूक पटलीच नाही तर?" वर्ग हसला. मी म्हणाले, "पटायचा प्रश्नच नसतो. ते सबबी शोधत नाही."

तास संपल्यावर लॅबमध्ये शिपायाला त्या अर्जाचा जाब विचारलाच. तो शांतपणे म्हणाला, "अर्ज हितंच छापला, पण मी नाय." आणि त्यानं मैत्रिणीचं नाव घेतलं.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमाला खरं वाटलं नसतं."

नसतंच वाटलं. मी त्याची माफी मागितली. तो नुसता प्रिंटर पुसत राहिला.

मैत्रिणीला विचारलं, तर तिनं नाकारलंही नाही. "किती दिवस तुझा वर्ग सांभाळायचा मी?"

"मला सांगायचंस ना!"

"तुझी आई अशी, तुला नाही कसं म्हणणार?"

म्हणजे ती कंटाळली होती, आणि मला कळलंच नव्हतं. तिचं प्रत्येक 'तू जा गं' मी आता पुन्हा ऐकते आणि प्रत्येकात मला तो कंटाळा सापडतो. तो तिथं खरंच होता का, कोण जाणे.

परवा नव्या शिक्षिकेनं मायेनं विचारलं, "आई कशा आहेत?"

त्या सकाळी आईनं मला ओळखलं नव्हतं.

"छान आहे," मी म्हणाले.