काळ्या प्लगाची साक्ष ऐकनारे जगन्नाथ मिस्त्री

जगन्नाथ मिस्त्रींची अन् माही पैली भेट झाली, तवाच मले त्यायचा असा राग आला का मी मनात म्हनलं, ह्या मानसाच्या दारात पुन्हा पाय ठेवन तं नाव नाही सांगनार. आता त्यायची साठी आली, त्यायच्या गौरवाचं पुस्तक निघून राह्यलं, अन् मंडळी मलेच म्हनतात, "राधाबाई, चार चांगले शब्द लिवा." लिवतो. पन चांगल्याच्या आधी खरं लिवन. मी गावच्या शाळेत चौथी शिकली, मले गोड लिवनं शिकवलंच नाही कोनी.

मी अंजनगाव सुर्जीची पानमळेवाली. मालक वारले, मागं मळा राह्यला अन् त्यायची जुनी विलायती मोटार. मागची सीट काढून तिच्यात विड्याच्या पानाचे डाले भरायचे, वरून ओलं बारदान टाकायचं, अन् अमरावतीचा बाजार गाठायचा. गाडी हाकाले आमचे म्हातारे सखारामदादा, बाजूले मी. लोक पाह्यत. पाहू देत. त्यायचे डोळे, माही गाडी.

एका हिवाळ्यात गाडी बिघडली. दर्यापूर सोडलं का खोकलाले लागे, मागून भुसभुस काळा धूर, पेट्रोल तं अशी पिये जशी सात दिवसाची उपाशी. पैले अकोल्याले नेली. तिथल्या मिस्त्रीनं प्लग काढले, काळे पाह्यले, नवे टाकले. चार दिवसात नवेही काळे. पुन्हा नवे, पुन्हा काळे. तिकडं पानं रस्त्यात सुकून राह्यली, अन् इकडं आमचे दीर, नामदेवभाऊजी, खूश होऊन राह्यले. त्यायचं आधीपासूनच चाललं होतं, "वयनी, बाईमानसानं हे काहून करावं? गाडी विका, मळ्याचं पान दलाल उचलन, तुमी घरी निवांत राहा." निवांत म्हंजे त्यायच्या घरच्या चुलीपुढं, हे मले का समजत नव्हतं? त्यायनं धामनगावचा एक घेनाराही पाहून ठेवला. म्हनाले, "सोमवारच्या बाजारापर्यंत गाडी सुधरली तं तुमची. नाही तं त्याची."

मंग कोनी सांगतलं, अमरावतीले जगन्नाथ मिस्त्रींकडं न्या.

नेली. मंगळवार होता. मले वाटलं, मानूस बॉनेट उघडन, पाना फिरवन. मिस्त्रींनी पाना हातातही घेतला नाही. कडुलिंबाखाली उभे राहून मलेच इचाराले लागले. "थंडी असताना असं करते का तापल्यावर? चढावर का उतारावर? अन् बिघडायच्या आधी काय बदललं?"

मी म्हनलं, "मिस्त्री, गाडी दुरुस्त करता का सोयरीक जमवता?"

हासले नाहीत. हा मानूस माह्या कोन्याच चेष्टेवर पैल्या झटक्यात हासत नाही. तिसऱ्या दिवशी हासतात, अन् ते बी एकलेच. पुन्हा इचारलं, "काय बदललं?"

"काही नाही बदललं."

"इंजिन ज्यातून श्वास घेते, त्या हवेच्या डब्याले कोनी हात लावला?"

"ह्याच महिन्यात मी सोताच्या हातानं धुवून-पुसून लख्ख केला."

"बरं," म्हनाले, अन् डब्याकडं पाह्यलंही नाही. बाईनं सांगतलं म्हंजे झालं. गिऱ्हाइकाच्या शब्दावर असा भरवसा ठेवनारा मानूस मी पाह्यला नाही, अन् त्याच भरवशानं पुढचे पाच दिवस माहा जीव खाल्ला.

त्यायची रीत अशी. प्लग पुसून लावायचा, गाडी बडनेऱ्याच्या रस्त्यानं दामटायची, मधातच खटकन बंद करायची, अन् तिथंच प्लग गरम-गरम काढून त्याचा रंग पाहायचा. भाकरीवानी खरपूस रंग असला तं इंजिनाचं पेट्रोल अन् हवा बरोबर. पांढराफटक असला तं पेट्रोल कमी. अन् काजळीवानी काळा असला तं पेट्रोल जास्त, नाही तं हवा कमी. आमचा काळा. मंग एक गोष्ट सुधरायची, पुन्हा बडनेरा. दुसरी सुधरायची, पुन्हा बडनेरा. मी म्हनलं, "सगळंच एका डावात बदलून टाका ना!" तं म्हनाले, "बाई, सगळं बदलल्यावर गाडी सुधरली, तं बिघाड कशात होता हे तुमाले कोन सांगन?"

"मले कोनी सांगूच नका! गाडी सुधरा!"

ऐकतात थोडेच. बुधवारी कार्बुरेटर खोलला, साफ होता. गुरुवारी चोक पाह्यला, बरोबर होता. शुक्रवारी एक वकीलसाहेब आपली मोटार घेऊन आले, तीही काळा धूर ओकून राह्यली होती. उतरताच हुकूम सोडला, "प्लग खराब झाले, बदलून टाका." मिस्त्री शांतपने म्हनाले, "साहेब, प्लग तं साक्षीदार हाये. आतमधी काय झालं ते तो सांगून राह्यला. तुमच्या कोर्टात साक्षीदाराले फाशी देतात काय?" वकीलसाहेबायचं तोंड पाहन्यासारखं झालं. त्या दिवशी मले पैल्यांदा समजलं का अकोल्याले आमी दोन डाव साक्षीदारालेच फाशी देऊन आलो. तरी राग काही गेला नाही. शनिवार उजाडला, अन् गाडी तशीच!

रविवारी दुपारी नामदेवभाऊजी घेनाऱ्याले घेऊन थेट मिस्त्रींच्या कारखान्यात हजर. "काय वं वयनी, झाली का तुमची आगगाडी?" मिस्त्री गाडीपुढं उभे, हातात काळा प्लग. बराच येळ त्याच्याकडं पाह्यलं. पेट्रोलाची बाजू पाहून झाली होती, उरली हवा; मंग हवेच्या डब्याचं झाकन उघडलं.

अन् तवा माह्या डोक्यात वीज पडली.

कापसाचे दिवस होते. रस्त्यानं जिनिंगमधून कापसाचा फुंदा उडे, धूळ उडे. डबा धुतला तवा मी म्हनलं, पानी आपन फडक्यातून गाळून पितो, मंग इंजिनानं कचऱ्याची हवा काहून प्यावी? जुन्या लुगड्याचा तुकडा फाडला, चौपदरी केला, अन् घागरीच्या तोंडाले बांधतो तसा आतल्या नळीच्या तोंडाले घट्ट बांधला. कसं छान केलं म्हनून विसरूनही गेली. पहाटच्या दवाची ओल लागून त्यावर फुंदा बसला, त्याचा झाला गोधडीवानी थर, अन् इंजिनाचा गळा मीच दाबला.

मिस्त्रींनी तो तुकडा बाहेर काढला. हिरव्या लुगड्याचा, लाल काठ. अन् त्याच लुगड्याचा उरलेला भाग माह्या अंगावर!

भाऊजी पुढं आले. "काय निघालं?"

मिस्त्रींनी एक नजर तुकड्यावर टाकली, एक माह्या पदरावर. मंग तेलानं माखलेले आपले दोन्ही हात त्याच तुकड्याले खसाखसा पुसाले लागले. हिरवं गेलं, लाल गेलं, काठ गेला. चिंधी झाली. म्हनाले, "हवा कोंडली होती. मोकळी केली."

"कोनं कोंडली?"

खोटं तं ह्या मानसाच्या तोंडून निघत नाही. "भाऊसाहेब, मले बिघाड इचारा. मानसाचं मी सांगत नसतो."

गाडी बडनेऱ्याले गेली, भाऊजी सोता बसून गेले. परत आल्यावर प्लग काढला. खरपूस भाकरीचा रंग! घेनारा म्हने, "आता तं घेतोच." पन भाऊजी बोलल्या शब्दाचे पक्के. खाली मान घालून म्हनाले, "चाल गा. सोमवारी वयनीच पान घेऊन येनार हाये."

ते गेले अन् मिस्त्रींनी तोंड उघडलं. बापरे! पाच दिवसाचं एकदम. "मी तुमाले इचारलं होतं, काय बदललं!"

"बदललं कुठं? मी तं सोय केली."

"बाई, मानूस सगळ्यात जास्त बिघाड सोय करतानाच करते. अन् मी बी गाढव. तुमच्या शब्दावर डबा बंद ठेवला." मंग मलेच म्हनाले, "आजपासून शब्दही ऐकन अन् डबाही उघडन." तवापासून तसंच करतात. कोन्या गिऱ्हाइकाले त्याचा राग आला, तं त्याचं पाप माह्यावर.

आजही गाडी नेली का तेच इचारतात, तेवढ्याच सावकाश. मी आजही चिडतो. पन किती जनायची अब्रू ह्या मानसानं अशी हात पुसता-पुसता झाकली असन, ते ना ते सांगनार, ना त्या चिंध्या.

मिस्त्री, साठ झाले, आता पुढचे चाळीस तब्येत सांभाळून काढा. तुमचे डोळे असेच प्लगाचा रंग ओळखत राहो, गुडघे गाडीखाली जायले अन् बाहेर यायले साथ देत राहो, अन् देवानं तुमाले उलशीक तरी घाई देवो. अन् नामदेवभाऊजी, तुमी हे पुस्तक वाचसानच, म्हनून सांगून टाकतो: फडकं माहंच होतं. आता काय करता? गाडी तं काही भेटत नाही.