विहारात न वाचलेला कागद

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून सांगवतंय — की हाही एक भ्याडपणाच?

मी पांढुर्ण्याला शिक्षिका आहे. भाषण बरं करते. माहेरी, सौंसरच्या विहारात, दर जयंतीला मलाच उभं करतात. मी सांगते — आयुष्य हा प्रवास आहे, एकटं पुढं जाणं म्हणजे पोहोचणं नव्हे, अख्खा समाज सोबत हवा. टाळ्या पडतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान! तेव्हा माझे तळहात घामेजतात, ते कुणाला दिसणार?

बारावीत असताना, रविवारी वंदना झाली की सूचना वाचायचं काम माझं होतं. अध्यक्ष काकांना बारीक अक्षर दिसत नसे. आलेले कागद ते तसेच माझ्या हाती द्यायचे. कोणाचं लग्न, कुठे डोळ्यांचं शिबिर — लोक चटईवर बसून ऐकायचे. वस्तीत पेपर घेणारी घरं दोन-चारच. विहारात वाचलं जाईल तेवढंच सगळ्यांना कळायचं. मला हे ठाऊक होतं — चांगलं ठाऊक होतं.

एका रविवारी त्यात नागपूरचा कागद निघाला. समाजातल्या मुलींसाठी वसतिगृह, राहणं-शिकणं फुकट. परीक्षा घेऊन निवड. आमच्या तालुक्यातून एकच मुलगी.

समोर रंजना बसली होती. माझी शेजारीण, माझ्याच वर्गातली. आईबाप संत्र्याच्या बगिच्यात मजुरीला. गणितात माझ्याहून कितीतरी पुढे — माझी गणितं तीच तपासून द्यायची. परीक्षा झाली तर कोण जाणार, हे मला तिथेच लख्ख दिसलं.

मी वरचा कागद वाचला. खालचा वाचला. मधला दुमडून ओढणीखाली धरला. हात थरथरला, असं म्हणू? नाही थरथरला.

घरी जाताना तिनं विचारलं, "पुढं शिकाची काही खबर लागली त मले सांगजो वो."

"सांगीन ना," मी म्हणाले.

फॉर्म मी एकटीनंच भरला. निवड झाल्यावर तिनं विचारलं, हे जमलं कसं? आणि इथं — हे लिहितानाही जड जातं — मी म्हणाले, "शाळेतल्या सरायनंच माहं नाव धाडलं." तिनं मला मिठी मारली. बस सुटेपर्यंत स्टँडवर उभी होती. पुढच्या वर्षी तिचं मोहगावला लग्न झालं.

यंदाच्या जयंतीला भाषण संपल्यावर ती लेकीला घेऊन आली. लेक आता बारावीत आहे. रंजनाही आता बगिच्यातच जाते, हात खरबरीत झालेत. त्या हातांनी तिनं माझा हात घट्ट धरला आणि लेकीला म्हणाली, "पाहाय, हे मावशी. सरायनं हिलेच निवडलं होतं. माहं डोकंच नव्हतं तेवढं, म्हून मी मांगं राहिली. तू हिच्यावानी हो."

पोरगी माझ्याकडे बघत होती. एक वाक्य पुरलं असतं. रंजनाला एवढी वर्षं स्वतःविषयी जे वाटत आलंय, ते मीच तिच्या मनात घातलंय — हे मला तिथं उभ्या उभ्या कळत होतं.

मी हसले. आणि मान डोलावली.