वर मागून घेतलेला निळा मासा

मुलीच्या लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या सासरी पुण्याला गेलो, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी हॉलमधला खाऱ्या पाण्याचा टँक दाखवला. आत जिवंत प्रवाळ, रंगीत मासे. मी सहज म्हणालो, "असाच एक आमच्याकडं करावा म्हणतो." त्यावर आमचे हे नवे पाहुणे सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, तुमच्याकडं सोलापूरला प्यायचं पाणी चार दिवसांआड. समुद्र कुठनं भरणार?" सगळे हसले. जावईही हसला. मी मुलीचा बाप. जिलबी चावत राहिलो. दुसरा कुणी असता तर त्याला तिथंच उभा-आडवा घेतला असता. सोलापूरच्या नवी पेठेत खांद्यावर कापडाचे तागे वाहून मी स्वतःचं दुकान उभं केलंय, ऐकून घ्यायची मला सवय नाही.

अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला मुलगी-जावयासोबत हे पाहुणेही सोलापूरला येणार होते. त्याआधी आमच्या हॉलमध्ये त्यांच्यापेक्षा मोठा समुद्र पाहिजे, हे मी परतीच्या वाटेवरच ठरवलं.

शहरातला माशांचा दुकानदार बेरका होता. म्हणाला, "काका, पाणी खारं करायचं, दगड रचायचे आन् महिनाभर तसंच चालवायचं. बारीक जिवाणू वाढले की मग मासे."

"महिना जास्त होतो. पंधरा दिवसांत बसवा."

"मला सांगून काय उपयोग? जिवाणूंना सांगा की."

घासाघीस करायला समोर पार्टीच नाही, असा सौदा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

घरी वेगळंच. टँकला साधं पाणी चालत नाही, मशीनमधून शुद्ध केलेलं लागतं. नळ आला की बायको ड्रम भरायला उठायची आणि मला ऐकवायची, "माशांना फिल्टरचं आन् आपल्याला नळाचं. पुढच्या जन्मी मासाच होते."

माशांचा क्रम दुकानदारानं ठरवून दिला. आधी गोगलगायी, मग केशरी पट्टेवाल्यांची लाजाळू जोडी, मग पिवळा. भांडखोर मासा सगळ्यात शेवटी. कारण जो आधी शिरतो तो एसटीत रुमाल टाकल्यासारखी सगळी जागा आपली समजतो. भाव मी घाम फुटेपर्यंत खाली आणला. सौदा झाल्यावर म्हणालो, "आता यावर एखादा द्या." वर काही घेतल्याशिवाय सौदा पुरा झाला असं मला वाटतच नाही. त्यानं लगेच पिवळ्या शेपटीचा बोटाएवढा निळा मासा पुढं केला. इतक्या पटकन कुणी काही देत नाही, पण मी जिंकल्याच्या आनंदात होतो.

"याला शेवटी सोडायचा हं, काका. बाकीचे पुढच्या आठवड्यात मुंबईहून येतील, तोवर हितंच राहू दे."

दिलेली वस्तू दुकानातच ठेवून यायची माझी पद्धत नाही. उद्या बदलली तर? पिशवी घेऊन घरी आलो आणि निळा टँकमध्ये सोडला.

पुढच्या आठवड्यात बाकीचे आले. निळ्यानं आल्या आल्या सगळ्यांना दगडाच्या फटीत कोंबलं. काच पुसायला हात घातला तर मलाही चावला. मी तणतणत दुकानात गेलो. "परत घ्या हा."

"काका, तुमच्याआधी दोन गिऱ्हाइकांनी परत आणून दिलाय त्याला. आता नाही घेत."

"मग मला कशाला दिला?"

"तुमीच वर मागितलं की."

धोंड्याचा दिवस आला. जेवणं झाली, पाहुणे टँकसमोर उभे राहिले. एवढ्या मोठ्या समुद्रात निळा एकटाच गस्त घालत होता.

"एकच मासा?"

"बाकीचे आतल्या खोलीत आहेत," बायको म्हणाली.

आता पुन्हा हसणार म्हणून मी दात आवळून उभा राहिलो. पाहुण्यांनी काचेवर बोट ठेवलं. निळा बोटावर धावून आला. बोट डावीकडं नेलं, तो डावीकडं. पाहुणे खुर्ची ओढून बसलेच. "आमचे मासे बोट दाखवलं तरी ढिम्म. हा बघा कसा ओळखतोय मला." थोड्या वेळानं म्हणाले, "हा मला द्या."

मुलीच्या सासऱ्यांनी धोंड्याच्या दिवशी तोंडानं मागितलं तर नाही कसं म्हणायचं? तरी मी म्हणालो, "लाडका आहे हो घरातला."

"असा मासा मी पुण्यात पाहिला नाही," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

मला एवढंच ऐकायचं होतं. जाळी आत घातली, तर निळा पळायचं सोडून जाळीवरच धावून आला. माझं फोनवरचं रडगाणं रोज ऐकणारी मुलगी पिशवीला रबर लावत हळूच म्हणाली, "पप्पा, आमच्याकडचे मासे गरीब आहेत हो."

"घेतील ऐकून," मी म्हणालो.

गाडी गेली. संध्याकाळी केशरी जोडी फटीतून बाहेर आली, मागोमाग पिवळा. टँक काय दिसत होता! बायको म्हणाली, "आत्ता बोलवा की पाहुण्यांना."

मी फोन बंद करून ठेवला.