आवाजाच्या पुढचं विमान

असले न उलगडणारे अनुभव लिहिणाऱ्यांची मी इथेच, या ग्रुपवर, खूप टर उडवली आहे. कारेगावला कंपनीत क्वालिटीला आहे, डोळ्यांना दिसेल तेवढंच पास करायचं हे माझं काम. तरी आज लिहितोय...

आमचं गाव निमोणे, तालुका शिरूर. वडील, म्हणजे आप्पा, तरुणपणी माळावर मेंढरं राखायचे, तेव्हा त्यांना विमानं शोधायचा नाद लागला. आम्हा दोघा भावांनाही शिकवलं – आवाज येतो तिकडे बघायचंच नाही, विमान पुढे गेलेलं असतं. रिकाम्या आभाळात नजर जवळच कुठेतरी अडकते, म्हणून आधी ती लांबच्या टेकडीवर स्थिर करायची, मग वर न्यायची. एकेक तुकडा घ्यायचा, थांबायचं, मग पुढचा.

दोन वर्षांपूर्वी आप्पांना दिसेनासं होऊ लागलं. मी म्हणालो, मोतीबिंदू आहे, पिकला की काढू. शिफ्ट, ओव्हरटाइम... कारणं कायम तयार.

धाकटा संतोष नोकरीसाठी मस्कतला निघाला, त्या दिवशी सकाळी अकराला आप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले. त्याचं विमान दाखव म्हणाले. तो मुंबईहून उडणार, निमोण्यावरून कशाला जाईल? पण कटकट नको म्हणून त्यांचा हात धरून कुठेतरी आभाळाकडे नेला. "ते बघा, चाललंय."

त्यांनी हात सोडवून घेतला. "तिथं काय बी न्हाई. टेकडीवरनं वर ये, मंग चार बोटं उजवीकडं."

पाहिलं, तर पांढरा ठिपका सरकत होता. आवाज नव्हता – तो बऱ्याच वेळाने आला. कानांनी ओळखलं म्हणाल, तर माझे कान धड आहेत.

पण लगेच वाटलं, दिसतंय की यांना, मग घाई काय? आणखी चार महिने गेले.

दौंडला डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू नव्हताच, काचबिंदू होता. नस मेली. वर्षभर तरी यांना उजेडही कळत नसणार. आधी आणलं असतं तर थोडी नजर वाचली असती. विमानाचं सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडेच संशयाने पाहिलं.

येताना एसटीत आप्पांना विचारलं, तेव्हा कसं दिसलं?

"मला कुठं काय दिसतंय," ते म्हणाले. "तू लबाड बोलत व्हतास. म्हणलं, निदान धड बघ तरी."

आता रविवारी मी त्यांच्या शेजारी बसतो. विमान नसलं तर नाही म्हणतो. त्या ठिपक्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. उशीर का केला याचं आहे, पण ते आप्पांनी अजून विचारलेलं नाही.