नातीसाठी जीपीएस आणायला सुरतेला

नंदुरबारहून सकाळच्या गाडीत बसले तेव्हा पिशवीत भाकरी होती आणि डोक्यात मुलाचं बोलणं. "नीट यंत्र मिळालं तर आण, नाहीतर घोड्या विकून टाकू."

सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या तीन घोड्या आहेत. शहरातल्या लोकांना घोड्यावर बसवून डोंगरात फिरवायचा धंदा माझ्या नातीने, कविताने, सुरू केला. तीन आठवड्यांपूर्वी नवी वाट बघायला ती एकटी गेली, धुक्यात चुकली आणि घोडीसकट नाल्यात घसरून पाय मोडून बसली. घरात सगळे तिला बेफिकीर म्हणत होते. मी गप्प होते. जन्म घोड्यांत गेलेला, म्हणून रानात वाट दाखवणारं जीपीएस यंत्र निवडायला मलाच पाठवलं.

नवापूरला फलाटावरच महाराष्ट्र संपून गुजरात लागतो. समोरच्या बाईने विचारलं, कुठे निघालात? नातीला वस्तू आणायला, म्हटलं. ती म्हणाली, नशीबवान नात. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

सुरतेच्या अलीकडे उधना स्टेशनावर भिला न्यायला आला होता. भिला माझ्या बहिणीचा मुलगा. पलसाण्याला कापड रंगवायच्या कारखान्यात आहे, नखं कायम निळी. राहतो भेस्तानला. घरात अहिराणी बोलतात, पण त्याची पोरगी मला गुजरातीतच उत्तर देत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लोचो (भिजवलेल्या हरभरा डाळीची वाफवलेली न्याहारी) खाऊ घातला. मला तो फसलेल्या ढोकळ्यासारखा लागला, पण दोनदा घेतला.

मग रिंग रोडला गेलो. भिला पंचवीस वर्षं सुरतेत आहे, तरी दुकान शोधताना दोन गल्ल्या चुकला. एरवी मी त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी बोलायला तोंड नव्हतं.

दुकान जमीन मोजायची यंत्रं विकणाऱ्याचं. दुकानदार साठीचा, चष्मा दोरीने गळ्यात. "बा, बेसो," (आई, बसा) म्हणाला आणि तीन यंत्रं मांडली. पहिलं मोबाइलएवढं, मोठ्या काचेचं. मी म्हटलं, एका हातात लगाम असतो, ओल्या बोटाने काच चालत नाही. त्याने बाजूला ठेवलं. दुसरं काडीपेटीएवढं, त्यात सिमकार्ड. ते घोडीला बांधायचं आणि घोडी कुठे आहे ते घरी मोबाइलवर बघायचं. तिसरं जाड, बटणांचं, बाजारात मिळणाऱ्या साध्या सेलवर चालणारं. गेलेली वाट त्यात रेघेसारखी उमटते, त्याच रेघेवरून परत यायचं. ते मात्र घोडीवर बसलेल्या माणसानेच वाचायचं.

"पोरगी कशी आहे?" त्याने विचारलं. "म्हणजे, वाट कशी चुकली?"

भिलाने सांगून टाकलं की पोरगी जरा उडाणटप्पू आहे, रानात गाणी ऐकत हिंडते. दुकानदाराने मान हलवली आणि सिमवालं यंत्र पुढे सरकवलं. अशा पोरीच्या हातात काही देऊ नका, घरातल्यांनी नजर ठेवा, हे बरं.

भिलाने पैसे काढायला खिशात हात घातला. मला दिसलं, हे यंत्र घरी गेलं की कविता जन्मभर बेफिकीर ठरणार.

"ती चुकली नाही," मी म्हटलं. "मी चुकवली."

मग सगळं सांगितलं. दोन वाटा फुटल्या तिथे कविता थांबली होती. टेकाडावर फोन लागला तेव्हा तिने मला विचारलं. म्हणाली, आजी, मला डावी वाट बरोबर वाटते. मी म्हटलं, तुझी अक्कल राहू दे, लगाम सैल सोड, घोडी घरी आणते. आमच्याकडे सगळे असंच करतात. पण ही घोडी आम्ही दिवाळीनंतर विकत घेतलेली. तिचं घर अजून जुन्या मालकाकडेच होतं. ती उजवीकडे वळली, त्याच्या गावाकडे, मधल्या नाल्यातून. पोरीने माझं नाव घरात घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

"मावशी, तू हाई काय सांगी ऱ्हायनी?" (तू हे काय सांगते आहेस?) भिला म्हणाला.

दुकानदाराने सिमवालं यंत्र उचलून कपाटात ठेवलं. "तो बा, (तर आई,) मशीन पोरीला द्या. नजर तुमच्यावर ठेवायला पाहिजे." भिला हसला. मला हसू आलं नाही, पण माणूस बरोबर बोलला.

बटणांचं घेतलं. निघताना त्याने एक गोष्ट बजावली, हे खोगिराला बांधू नका, पोरीच्या कमरेला बांधा. पोरगी पडली आणि घोडी पळाली तर यंत्र घोडीबरोबर जाईल. चाळीस वर्षं घोड्या पाळून मला हे सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरी पोचले. मुलगा, सून, पलंगावर प्लास्टर घातलेली कविता, सगळ्यांसमोर पुन्हा तेच सांगितलं. सुरतेत परक्या माणसाला सांगणं सोपं गेलं होतं. इथे अवघड गेलं. मुलाने विचारलं, तीन आठवडे का बोलली नाहीस? लाज वाटली म्हणून, म्हटलं. दुसरं कारण नव्हतं. घोड्या विकायचं त्याने पुन्हा काढलं नाही.

कविताने यंत्र हातात घेतलं, बटणं दाबून पाहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या वेळी मी तुला विचारणार नाही, आजी."

मी म्हटलं, नको विचारूस.