गरब्याचा शिक्का

"मॅडम, मी गरब्याला जातच नाही," जाधव म्हणाले. तोवर माझा शिक्का त्यांच्या रिपोर्टवर उमटून गेला होता.

दसऱ्यानंतरचा आठवडा. बडोद्याबाहेरच्या एका कंपनीत कामगारांच्या कानांची वार्षिक तपासणी चालू होती. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी. निजामपुऱ्यात माझं छोटं क्लिनिक आहे, आणि वर्षातून एकदा या कंपनीत तीन दिवसांचा कॅम्प असतो. दिवसाला पन्नास माणसं. दुपारी तीननंतर मला माणसं दिसत नाहीत, नुसते कान दिसतात.

शिक्का मीच करून घेतला होता, घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतल्या एका दुकानातून. इंग्रजीत एकच ओळ: नवरात्रातल्या आवाजाचा परिणाम, पुन्हा तपासणी करावी. त्याची हकिगत अशी. पहिल्या वर्षी प्रेस शॉपमधल्या, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रांच्या विभागातल्या, बऱ्याच जणांचे आलेख एकाच जागी खाली गेलेले निघाले. पहिल्या आठ-दहा पोरांना मी विचारलं, तर सगळे नऊच्या नऊ दिवस गरब्यात, तेही स्पीकरच्या पुढ्यात. सेफ्टी ऑफिसर भट्टभाई म्हणाले, "मॅडम, आपणा वडोदरामां गरबा कोण नथी रमतुं? बधाने ए ज लखी नाखो ने. दिवाळी पछी फरी तपासी लेशुं." आपल्या बडोद्यात गरबा कोण खेळत नाही, सगळ्यांना तेच लिहा, दिवाळीनंतर पुन्हा तपासू. मी लिहिलं. पुन्हा तपासणी झाली नाही. मीही विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी लिहून हात दुखला, म्हणून शिक्का केला.

आलेख खाली जातो म्हणजे काय, ते सांगते. माणसाला बंद केबिनमध्ये बसवून हेडफोनमधून बारीक-जाड आवाज ऐकवतात. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. कुठला सूर किती मोठा केल्यावर ऐकू आला, ते कागदावर मांडतात. मोठ्या आवाजाने कान बिघडला असेल, तर बारीक सुरांपाशी आलेखात एक खड्डा दिसतो. बाकी सगळं ठीकठाक. म्हणून माणसाला वाटतं, आपला कान उत्तम आहे.

आवाज कानाच्या पडद्यावर आपटतो, मागची तीन इवलीशी हाडं तो पुढे ढकलतात, आणि आत गोगलगायीच्या शंखासारख्या नळीत तो पोचतो. तिथे केसाळ पेशींच्या रांगा असतात. त्या हलतात, तेव्हा मेंदूला कळतं. टूथब्रशचे केस दाबले तर वाकतात आणि सोडल्यावर सरळ होतात. रोज जोर लावून घासलं, तर मात्र फाकतात ते फाकतातच. या पेशींचंही साधारण तसंच. फरक इतकाच, की ब्रश नवा मिळतो.

म्हणून तपासणीआधी कानाला निदान चौदा तास शांतता हवी. तरच वाकलेलं कोणतं आणि कायमचं फाकलेलं कोणतं, ते कळतं. कंपनी माणसं थेट प्रेसवरून पाठवायची. मला ते माहीत होतं. मी चालवून घेत होते.

तर जाधव. विलास जाधव, वय शेहेचाळीस, राहणार हरणी, पॉवर प्रेसवर एकोणीस वर्षं. गळ्यात दोरीचे इअरप्लग, लॉकेटसारखे लटकलेले.

"गरब्याला जात नाही? एकही दिवस?"

"आमच्याकडे घट बसतात ना मॅडम. नऊ दिवस दिवा विझता कामा नये. बायको आणि मुली गरब्याला जातात. मग घरात कोण? मीच. दिवा सोडून निघायचं नाही, आईचा नियम आहे."

मी फाइल उघडली. मागच्या वर्षी शिक्का. त्याच्या मागच्या वर्षी शिक्का. पहिल्या वर्षी माझ्या अक्षरात तेच वाक्य. आणि चारही आलेख शेजारी ठेवले, तर खड्डा दर वर्षी रुंद होत आलेला. आता तो बोलण्यातल्या स, श, फ, त या आवाजांपर्यंत सरकला होता.

आमच्याही घरी घट बसतात. पूर्वी सासरे दिव्यापाशी बसायचे, आता नवरा बसतो. बडोद्यात प्रत्येक जण गरब्याला जातो, असं मी, जिच्या स्वतःच्या घरातून एक माणूस कधीच जात नाही, तिने खुशाल धरून चालावं? मला माझीच लाज वाटली.

"ऐकायला त्रास होतो का?"

"नाही हो, ऐकू येतं. धाकटी पुटपुटते जरा. चिडते माझ्यावर. म्हणते, बाबा, उगीच हो म्हणू नका." मग म्हणाले, "एक आहे मॅडम. तेल कमी झालं की वात तडतडते. पूर्वी शेजारच्या खोलीत पडलेलो असलो तरी कळायचं, उठून तेल घालायचो. दोन-तीन वर्षं झाली, कळत नाही. आता समोर खुर्ची टाकून बघत बसतो."

"सांगितलं नाहीत कधी?"

"तुमचा शिक्का होता ना. म्हटलं गरब्याच्या आवाजाने होत असेल. सोसायटीत लागतोच की."

बंद खिडक्यांआडून येणाऱ्या सोसायटीच्या गरब्याने असा कान जात नाही. पण त्यांना तसं पटवणारा शिक्का माझाच होता.

मी भट्टभाईंना बोलावलं. माणूस वाईट नाही. दोन वर्षांनी रिटायर व्हायचंय आणि कटकट नकोय, एवढंच. "गरबामां नथी जतो? एवुं तो कोई पण कहे," ते म्हणाले. असं तर कुणीही म्हणेल.

जाधव शांतपणे म्हणाले, "साहेब, मारी अरजी कढावो ने. दर वरसे आपुं छुं."

ऑफिसातून अर्ज आले. दर वर्षीचा एक. घरी घटस्थापना असल्याने नऊ दिवस पहिली पाळी मिळावी, संध्याकाळी घरी दिव्यापाशी थांबावं लागतं. प्रत्येकावर मंजुरीची सही, भट्टभाईंचीच.

त्यांनी आपल्या सह्या एकेक करून पाहिल्या. मग माझे रिपोर्ट पुढे सरकवले. "अने आ सही कोनी छे, मॅडम? तमे लख्युं, अमे मान्युं."

खरं होतं. तुम्ही लिहिलंत, आम्ही मानलं.

"म्हणूनच शिक्का मीच पुसणार," मी म्हणाले. "सोमवारी सकाळी, पाळी सुरू व्हायच्या आधी, अख्खा प्रेस शॉप पुन्हा तपासायचा. रविवारची सुट्टी झालेली असेल, कान विसावलेले असतील."

"प्रॉडक्शन?"

"अर्धा दिवस उशिरा सुरू होईल. नाही म्हणत असाल तर तसं लिहून द्या."

लिहून द्यायचं म्हटलं की सगळे तयार होतात.

सोमवारी एकतीस जण तपासले. तरण्या पोरांचे आलेख बहुतेक वर आले होते. त्यांचं नुसतं वाकलेलं होतं, गरब्याने म्हणा की पाळीच्या आवाजाने. नऊ जणांचे तसूभरही हलले नाहीत. त्यांत जाधव सगळ्यात खाली. मी प्रेस शॉपमध्ये जाऊन उभी राहिले. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर ती जागा कानाला घातक, एवढा हिशेब कुणालाही करता येतो. तिथे ओरडूनही भागत नव्हतं. प्लग का घालत नाही, म्हणून विचारलं, तर एक जण म्हणाला, डाय, म्हणजे साचा, नीट बसली की नाही ते आवाजावरूनच कळतं. कान वापरून काम करायचं म्हणून कान उघडे, आणि उघडे म्हणून जाणार.

नऊ जणांचे रिपोर्ट नव्याने लिहिले. जुन्या प्रत्येक शिक्क्यावर काट मारली, शेजारी लिहिलं: हा शेरा कामगाराला न विचारता दिला होता. खाली माझी सही. ती सही करायला जिवावर आलं.

पुढे फार काही घडलं नाही. नऊ जणांना पूर्ण कान झाकणारे मफ मिळाले, दोन प्रेसभोवती आवाज अडवायला पेटीवजा आडोसा झाला, जाधवांना प्रेसवरून काढून इन्स्पेक्शनच्या शांत खोलीत घेतलं. गरब्याची सबबच नको म्हणून कॅम्प नवरात्राआधी, श्रावणात हलवला. आणि कंपनीने मोठ्या उत्साहाने फॉर्ममध्ये नवा रकाना छापला: गरबा खेळता का, हो किंवा नाही. प्रेसवर किती वर्षं आहात, हा रकाना मी पेनने आखून घेते, दर वर्षी.

जाधवांना मी श्रवणयंत्र बसवून दिलं. पुढच्या दसऱ्यानंतर ते क्लिनिकला आले. म्हणाले, "फायदा आहे मॅडम. धाकटीचं सगळं कळतं. काय काय बोलते, तेही कळतं."

"आणि वात?"

"नाही. पंखा येतो ऐकू, कुकर येतो. वातीचं नाही येत. खुर्ची आहे अजून समोर."

चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते आभार मानून गेले.

"गरब्याला जाता का?" हे विचारायला पाच सेकंद लागतात. शिक्का उमटवायला दोन. शिक्क्याच्या तीन वर्षांत मी जाधवांमागे माझे नऊ सेकंद वाचवले.